शंभरातले सात

६ जानेवारी

ती. बाबा,

नमस्कार. खरं तर फोनच करणार होते. पण छापखान्यातल्या मशीनांनी तुमचा उजवा कान कधीच नेला, आणि डाव्याला आठ आणि साठ सारखेच ऐकू येतात. आकड्यांचं काम आहे, म्हणून पत्र.

परवा आमच्या लॅबमधून वस्तादांचा फोन आला. वस्ताद म्हणजे लॅबचे मालक. त्यांच्या हाताखालीच मी दात बनवायला शिकले. समोरच्या दातांचं काम करणारा त्यांचा माणूस दुसरीकडे गेला. म्हणाले, "तुझं टेबल रिकामं आहे. दोन महिने बघू, हात पूर्वीसारखा चालला तर कायम. महिनाअखेर सांग." बाबा, फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसत होते. चिमणी माझ्याकडे बघून उगाचच टाळ्या पिटायला लागली.

पण चिमणी अवघी सोळा महिन्यांची. तिला पाळणाघरात ठेवावं लागेल. तुमचे चिरंजीव म्हणाले, "ठेव की, पण आधी हिशेब कर." तुम्हीच शिकवलंय, पगार शंभर धरायचा आणि बाकी सगळं त्यात बसवायचं. तसं केलं. पाळणाघर चौसष्ट. बस बारा. लॅबमध्ये उशीर झाला की पाळणाघरवाल्या ताई जादा आकार लावतात, तो सहा. मूल आजारी पडणारच, त्या बिनपगारी सुट्ट्यांचे आठ. उरले दहा. चिरंजीव म्हणाले, "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला." त्यांनी चेष्टेत म्हटलं, पण मला रात्रभर ते पुरलं.

तुम्ही चाळीस वर्षं लोकांच्या छपाईच्या कामांची अंदाजपत्रकं केलीत. हेही एक काम समजा आणि माझं काही चुकलंय का ते बघा. मनातून सांगते, चुकलेलं असावं असं वाटतंय.

आईंना नमस्कार. चिमणीला आता दोन दाढा आल्यात. त्यांची छटा मी कुणालाही बनवून देऊ शकणार नाही, इतकी सुंदर आहे.

तुमची,
सून

११ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

काम मिळालं. पेन्सिलीला टोक काढून बसलो. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी कामाचं काही विचारलं, त्यामुळे दोनदा तपासलं.

तुझी बेरीज बरोबर आहे. मात्र तीन बाबी राहून गेल्यात. बाहेर जायचं म्हणजे बरे कपडे आणि चपला लागतात. घरी यायला उशीर झाला की आठवड्यातून एकदा तरी तयार जेवण येतं. आणि दर कामात थोडा माल वाया जातोच, त्याची तरतूद ठेवावी लागते. प्रत्येकी एक धरला. म्हणजे शंभरातले सात उरतात.

आता सल्ला. छापखान्यात सात टक्क्यांचं काम घेऊन कुणी आला असता, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. महिनाभर तुझी धावपळ, पोरीची आबाळ, चिरंजीवांची कुरकुर, आणि हातात काय, तर सात. दात कोरून पोट भरत नाही हे दातवालीला मी काय सांगायचं! दोन-तीन वर्षं थांब. पोर शाळेत जायला लागली की पाळणाघर सुटेल आणि मग हेच काम फायद्याचं होईल. तुझा हात कुठे पळून जातोय?

हे पत्र तुझ्या सासूबाईंना दाखवलेलं नाही. तिचं पैशांच्या गोष्टींत लक्ष नसतं.

वाईट वाटून घेऊ नकोस. आकड्यांना मन नसतं, आणि तेच बरं असतं.

आशीर्वाद,
बाबा

१७ जानेवारी

ती. बाबा,

पत्र पोचलं. तुम्ही नको म्हणालात, म्हणजे नकोच. तुमच्या चिरंजीवांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "बाबांचा अंदाज कधी चुकत नाही." वस्तादांना सोमवारी नकार कळवीन.

वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण तुम्ही ओळखालच. वाटलं. काल दुपारी चिमणीला बागेत घेऊन गेले होते. बाकावर शेजारी एक आजोबा हसून तिच्याशी बोलायला लागले आणि मी आपली त्यांच्या दातांकडे बघत बसले. समोरचा डावा बनवलेला होता. काम सफाईदार, पण छटा चुकलेली. शेजारच्यापेक्षा जरा निळसर. बनवणाऱ्याने दिव्याच्या उजेडात छटा पाहिली असणार. आमच्याकडे छटा फक्त खिडकीच्या उजेडात बघतात, आणि मोजून पाच सेकंद. त्यापुढे डोळा फसतो. मग राखाडी कापडाकडे बघून डोळे निवळायचे आणि पुन्हा बघायचं. हे सगळं माझ्या मनात चाललं होतं आणि ते आजोबा विचारत होते, "बाळाचं नाव काय?" मी म्हटलं, "दुसरी छटा घ्यायला हवी होती." ते घाबरून उठूनच गेले.

काम सोडून दोन वर्षं झाली बाबा. चिनीमातीची पूड पाण्यात कालवून ब्रशने एकेक थर चढवायचा, भट्टीत घातल्यावर दात आकसतो म्हणून आधी पाचव्या हिश्श्याने मोठा ठेवायचा. हे हाताला आठवतंय की नुसतं डोक्याला, ते कळायला मार्ग नाही. पण असो. पोरगी गोड आहे, घर चाललंय, तक्रार करायला जागा नाही.

आईंना हे काही सांगू नका. त्यांना वाटेल सून रडते.

तुमची,
सून

२० जानेवारी

सूनबाई,

नकार कळवू नकोस. कळवला असशील तर पुन्हा फोन कर आणि सांग, सासरा म्हातारा झालाय, त्याचं गणित चुकलं.

झालं असं, की तुझा हिशेब आणि माझं उत्तर टेबलावरच राहिलं. तुझ्या सासूबाई चहा ठेवायला आल्या. कागदाकडे बघितलं आणि उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा नऊ उरले होते. आता सात."

मला कळेना कसले नऊ. आणि मग कळलं.

तुला हे कुणी सांगितलेलं नाही. लग्न झालं तेव्हा तुझी सासू सरकारी कचेरीत ट्रेसर होती. इंजिनियर पेन्सिलीने नकाशे काढायचे आणि ही ते पारदर्शक कागदावर शाईने उतरवायची. तुझा नवरा एक वर्षाचा झाला आणि कचेरीने तिला परत बोलावलं. मी संध्याकाळी बसून असाच हिशेब केला. पगार शंभर, वजा सांभाळणारी बाई, वजा हे, वजा ते. उरले नऊ. कागद तिच्यापुढे ठेवला. ती काही बोलली नाही. मी समजलो, पटलं. तेहेतीस वर्षं मी असंच समजत होतो. कुणी विचारलं तर अभिमानाने सांगायचो, आमच्या घरात कधी वाद नाही, सगळं आकड्यांवर ठरतं.

परवा मी तिला विचारलं, "तेव्हा बोलली का नाहीस?" म्हणाली, "हिशेब बरोबर होता ना. म्हणूनच तर काही बोलता आलं नाही."

दोन दिवस मी तो कागद घेऊन बसलोय. बेरीज बरोबर आहे, मांडणी चूक. पाळणाघराचा खर्च तुझ्याच पगारातून का वजा केला? पोर काय तू एकटीने माहेराहून आणलीस? चिरंजीवांचा पगार कुठे आहे या कागदावर? तो मांड, आणि खर्च दोघांच्या बेरजेतून काढ.

दुसरी चूक माझी, आणि ती मला जास्त लागते. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की मशीन बंद असलं तरी त्याचा खर्च चालू असतो. तेल सुकतं, रूळ कडक होतात, आणि पुन्हा चालू केलं की पहिला गठ्ठा वाया जातो. हे लोखंडाबद्दल मला ठाऊक होतं. माणसाच्या हाताबद्दल सुचलं नाही. तुझा हात कुठे पळून जातोय, असं लिहिलं मी! तुझ्या सासूच्या शेजारच्या टेबलावरची बाई पुढे त्या कचेरीच्या नकाशा विभागाची प्रमुख झाली. आज ती पेन्शन घेते. माझ्या नऊमध्ये ते कुठेच नव्हतं.

जायचं की नाही ते तू ठरव. पण माझ्या आकड्यामुळे घरी बसू नकोस. एका घरात एक पुरे.

बाबा

१६ फेब्रुवारी

ती. बाबा,

उशीर झाला, माफ करा. ३ तारखेपासून कामावर जातेय.

तुमचं पत्र चिरंजीवांनी तीनदा वाचलं. आई नोकरी करायच्या हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग स्वतःच कोरा कागद आणून दोघांचे पगार एकाखाली एक मांडले आणि म्हणाले, "उशिराचा आकार माझ्या नावावर घाल. मंगळवार-गुरुवार आणायला मी जाईन." थोडी वादावादीही झाली, ती तुम्हाला सांगण्यासारखी नाही. शेवटी जिंकले मी.

पाळणाघर छान आहे. एका जुन्या घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, खिडक्या खाली, मुलांच्या उंचीला. ताईंचा नियम आहे की पहिले दोन दिवस आईने किंवा बाबाने दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायचं. मूल रडलं तरी आत यायचं नाही, पण उठून जायचंही नाही. एक दिवस मी बसले, एक दिवस चिरंजीव. ते म्हणतात तिच्यापेक्षा तेच जास्त रडले.

लॅबमध्ये सगळं छान चाललंय. वस्ताद छान आहेत. माझं टेबल खिडकीशीच आहे. कामंही छान येतायत.

चिमणीला थोडा खोकला आहे, काळजीचं काही नाही. आईंना माझा मोठा नमस्कार. या वेळी खास त्यांना.

तुमची,
सून

२० फेब्रुवारी

चि. सूनबाई,

एका पानात चार वेळा 'छान' लिहिलंस. माल खरंच चांगला असला की गिऱ्हाईक एकदाच म्हणतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? काय झालंय ते नीट लिही.

बाबा

२४ फेब्रुवारी

ती. बाबा,

बरं, लिहिते.

पहिलं मोठं काम आलं ते बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाईंचं. समोरचा एक दात पडून तुटलेला. दिवसभर लोक समोर, आणि या तोंडावर रुमाल धरून तिकिटं देतात. एकटा समोरचा दात हे आमच्यातलं सगळ्यात अवघड काम, कारण शेजारी खरा दात साक्षीला उभा असतो. बाईंना मी खिडकीशी बसवून छटा घेतली. जीव ओतून दात केला. थर एकसारखे, कड पातळ, चकाकी अशी की वस्तादांना दाखवताना माझाच ऊर भरून आला. ते नुसतं "हं" म्हणाले आणि काम दवाखान्यात पाठवलं.

दुसऱ्या दिवशी परत आलं. डॉक्टरांची चिठ्ठी होती, "दात सुंदर आहे. त्यामुळेच ओळखू येतो."

बाबा, शेजारच्या खऱ्या दाताला एक केसासारखा तडा होता आणि हिरडीजवळ पिवळट डाग. मी ते दोन्ही पाहिले होते आणि सोडून दिले होते. दोन वर्षांनी बसले ना, मला जगातला सर्वांत चांगला दात करायचा होता. त्या बाईंना हवा होता शेजारच्या दातासारखा. वस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "हात शाबूत आहे. डोळा गर्वाने आंधळा झाला." हे रागावण्यापेक्षा वाईट.

ते काम पुन्हा करायला घेणार, तोच चिमणीला ताप आला. पाळणाघरात तापाचं मूल घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तीन दिवस मी घरी, दोन दिवस चिरंजीव. ताप उतरला, पण डॉक्टर म्हणतात छातीत कफ आहे, अजून दोन आठवडे तिला इतर मुलांत पाठवू नका. चिरंजीवांची रजा संपली. वस्ताद म्हणाले, "तिकीटवाल्या बाई थांबल्यात, पण मी किती थांबणार?" त्यांचंही चूक नाही.

आता हिशेबात सातही उरत नाहीत. सोमवारी जाऊन सोडते म्हणून सांगणार आहे. मी प्रयत्न केला, एवढं तरी झालं. तुम्ही आणि आईंनी वाईट वाटून घेऊ नका.

तुमची,
सून

२७ फेब्रुवारी

सूनबाई,

हे पत्र चिरंजीवांच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवतोय, म्हणजे माझ्या आधी पोचेल. रविवारी सकाळच्या बसने येतोय. सोमवारी तू कामावर जायचंस, सोडायला नव्हे, करायला.

तुझी सासू येणार नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माझं एक मूल सांभाळून झालंय. तुमचं अजून व्हायचंय."

मला लंगोट बांधता येत नाही. रविवारी दुपारी शिकव.

बाबा

२४ मार्च

ती. बाबा,

तुम्ही गेल्यापासून घर शांत आहे आणि चिमणीला ते मुळीच आवडलेलं नाही. सकाळी उठली की तुमच्या खोलीच्या दारावर थापा मारते. तिला पाळणाघरात सोडताना ताईंनी विचारलं, "ही प्रत्येक वस्तू हातात घेऊन 'किती, किती' का करते?" मी म्हटलं, आजोबांची देणगी.

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, म्हणतात. त्यात नात पाहावी सांभाळून, हे तुम्ही जोडलंत. पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा तुम्ही जमिनीवर बसला होतात, चष्मा चिमणीच्या हातात, शर्टावर केळं, आणि म्हणालात, "छापखाना परवडला. निदान जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद तरी व्हायचं." नाकी नऊ आले होते तुमच्या. तरी दुसऱ्या दिवशी मला साडेआठला दाराबाहेर काढलंत. ते बारा दिवस मी विसरणार नाही.

आता मुख्य बातमी. तुम्ही असताना मी ती सांगितली नाही, कारण पक्की नव्हती. तिकीटवाल्या बाईंचा दात मी पुन्हा केला. या वेळी शेवटच्या थराआधी सर्वांत बारीक ब्रश घेतला आणि तपकिरी रंगाचा एक तडा काढला, शेजारच्या दातावर आहे तसाच, खाली येता येता जरा डावीकडे वळणारा. हिरडीजवळ पिवळट छटा दिली. चांगला दात मी मुद्दाम बिघडवला. भट्टीतून काढला, खिडकीशी नेला, पाच सेकंद पाहिला, राखाडी कापडाकडे पाहिलं, पुन्हा पाहिला. आणि बाबा, मला समजलं की झालं.

डॉक्टरांचा फोन आला तो वस्तादांनी घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. डॉक्टर म्हणाले, "बाई तपासायला आल्या तेव्हा यातला तुमचा दात कुठला, ते मला आरसा घालून आतून शोधावं लागलं." वस्तादांनी फोन ठेवला आणि माझ्या टेबलावर चावी ठेवली. लॅबच्या दाराची. कायम झालेल्यांनाच ती मिळते.

काल मी मुद्दाम वाकडी वाट करून बसस्थानकावर गेले. रांगेत उभी राहिले. खिडकीत बाई कुणाशी तरी तावातावाने भांडत होत्या, सुट्ट्या पैशांवरून, तोंड उघडून, दोन्ही हात नाचवत. रुमाल कुठे दिसला नाही. मी त्यांना ओळख दिली नाही. तिकीट घेतलं नि बाहेर आले. मला अभिमान वाटला बाबा, इतका की कुणाला सांगावं ते कळेना. आमच्या कामावर नाव नसतं. चांगलं झालं तर ते कुणी केलं हेच काय, केलं आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

पहिला पगार हातात आला. सगळं जाऊन उरले किती, ते लिहीत नाही. पहिल्यांदाच तुमच्यापासून आकडा लपवतेय.

हे पत्र आईंना वाचायला द्या. आता लपवण्यासारखं काही नाही.

तुमची,
सून

३० मार्च

चि. सूनबाई,

पत्र मी लिहितेय, तुझी सासू. मला पत्रं लिहायची सवय नाही, म्हणून नमनाला घडाभर तेल घालत नाही.

तुझं पत्र यांनी मला दिलं ते चार जणांना वाचून दाखवून झाल्यावर. न्हाव्याला, बँकेतल्या शिपायाला, वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला. ऐकू कमी येतं ना, म्हणून वाचतातही ओरडून. आता आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की माझी सून दाताला तडा काढते, आणि निम्म्या लोकांना वाटतं की तू मारामारी करतेस.

कामावर नाव नसतं असं तू लिहिलंस. ते वाचून मला बसवेना. मी यांना म्हटलं, चपला घाला, जरा जाऊन येऊ. कुठे ते सांगितलं नाही. बसने नदीपर्यंत गेलो आणि पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरलो. हे म्हणाले, "इथे काय आहे?"

मी म्हटलं, "हा पूल आहे."

"तो तर मी रोज बघत आलोय."

खरंच आहे. पूल झाल्यापासून छापखाना सुटेपर्यंत, रोज दोन वेळा, ते त्यावरून गेले. परवा तुझ्याकडून बारा दिवसांनी आले तेही त्यावरूनच. मी म्हटलं, "याचे नकाशे मी उतरवलेत. एकोणीस कागद. खांब, कमानी, कठडा, सगळं. मूल पोटात होतं तेव्हा शेवटचे चार केले, टेबलापासून लांब बसून. शाईचा एक थेंब पडला तर आठवड्याचं काम वाया जायचं. माझा एकही पडला नाही."

त्यांनी विचारलं, "कधी सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "पूल बांधून होईपर्यंत मी घरी बसले होते. घरी बसलेल्या बाईने पुलाचं काय सांगायचं?"

सूनबाई, मी रागाने म्हटलं नाही. राग होता, पुष्कळ वर्षं होता, पण तुला दाराबाहेर काढायला हे गेले ना, तेव्हा तो थोडा उतरला. सगळा उतरला असं खोटं लिहिणार नाही. मी तुझी पोर सांभाळायला आले नाही, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. मला यांना पाठवायचं होतं. आणि बारा दिवस मी या घरात एकटी राहिले, ते मला फार आवडलं, हेही खरं.

कागदाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असायची. 'उतरवणारा' म्हणून तिथे माझ्या नावाची दोन अक्षरं होती, एकोणीसही कागदांवर. ते कागद कुठल्या कपाटात आहेत कुणास ठाऊक. पूल आहे.

हे बराच वेळ कठड्याला हात लावून उभे होते. मग एका सायकलवाल्याला त्यांनी थांबवलं आणि नेहमीसारखं ओरडून सांगितलं, "हा पूल हिने काढलाय!" मी म्हटलं, "अहो, इंजिनियरने काढला. मी उतरवला." तर म्हणाले, "त्या इंजिनियरला मी ओळखत नाही." सायकलवाला बिचारा खाली उतरला आणि मला म्हणाला, "चांगला झालाय."

तेहेतीस वर्षांत एवढंच ऐकायचं राहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी भर रस्त्यात रडले. हे गोंधळले आणि त्या सायकलवाल्यालाच रुमाल मागायला लागले.

तू काम सोडू नकोस. पोर पुन्हा आजारी पडेल, पुन्हा दात परत येईल, कधी उरतील सात, कधी काहीच नाही. तरी जा. मला तुझा अभिमान आहे, आणि थोडा माझाही आहे. हे दुसरं वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं.

चिमणीला घेऊन याल तेव्हा बस नदीच्या पलीकडेच सोडा, आम्ही तिथे येऊन थांबू. पूल आपण सगळे चालत ओलांडू.

तुझी,
आई